अक्षर मोठं करण्याआधी: कमी दिसणाऱ्या माणसाचा संगणक कसा लावून द्यावा

माझ्या मामांना काचबिंदू आहे. मराठीचे निवृत्त शिक्षक, मुक्काम सांगली. एका दिवाळीत गेलो तेव्हा ते लॅपटॉपला नाक लावून शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं ईमेल वाचत होते. ‘थांबा, देतो करून,’ म्हणत मी भाच्याच्या रुबाबात सगळं ३०० टक्के मोठं केलं आणि फराळाला बसलो. चकली संपायच्या आत आतून हाक आली: ‘अरे, मघाशी निदान शब्द दिसत होता. आता नुसता काना दिसतोय.’

चूक माझी होती. काचबिंदूत बहुधा कडेची नजर आधी जाते आणि बोळकांडीतून बघितल्यासारखं दिसायला लागतं. बोळकांडी तेवढीच ठेवून अक्षर फुगवलं की तिच्यात मावणारा मजकूर कमी होतो. आपल्या कायद्यालाही हे ठाऊक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अल्पदृष्टी दोन गोष्टींवर मोजली आहे: नजर किती तीक्ष्ण आहे आणि दृष्टिक्षेत्र किती रुंद आहे. तीक्ष्णता बरी असूनही क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी झालं असेल, तर तीसुद्धा अल्पदृष्टीच. संगणक लावून देणारे आपण मात्र पहिल्याच गोष्टीचा विचार करतो.

पुढचं सगळं विंडोज ११ धरून लिहिलंय, कारण घरोघरी तेच असतं.

पायरी १: शेजारी बसा, माऊसला हात लावू नका

पहिली पंधरा मिनिटं फक्त बघा. माणूस मान तिरकी करतो का? पॉइंटर हरवतो का? ओळीच्या शेवटी पोचल्यावर पुढची ओळ सापडत नाही का? पांढरं पान उघडलं की डोळे किलकिले होतात का? मग विचारा: समोर बघताना मध्ये डाग दिसतो की कडा गेल्यात? सकाळी बरं दिसतं की संध्याकाळी?

उत्तरांवरून पुढचा रस्ता ठरतो. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला असेल (उतारवयात हे पुष्कळांना होतं), तर मोठं अक्षर खरोखर कामी येतं, कारण कडेची नजर शाबूत असते. काचबिंदू किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसा (पडद्याचा आनुवंशिक आजार, यातही कडेची नजर आधी जाते) असेल, तर अक्षर माफक ठेवून कॉन्ट्रास्ट वाढवायचा आणि नजरेला फार हिंडावं लागणार नाही असं बघायचं. मोतीबिंदूवाल्याला चकाकीचा त्रास, म्हणून गडद पार्श्वभूमी. मधुमेहाने पडदा खराब झालेल्या माणसाची नजर दिवसागणिक बदलू शकते. त्याला एकच पक्की सेटिंग देऊन चालत नाही, ती स्वतः बदलता यायला हवी. नजर अचानक बिघडली असेल तर मात्र लॅपटॉप मिटा आणि थेट डॉक्टरकडे जा.

पायरी २: खुर्ची, उजेड आणि एम-सील

स्क्रीनच्या मागे किंवा समोर खिडकी नको, उजेड बाजूने यावा. स्क्रीन जवळ आणा. डोळ्यापासूनचं अंतर निम्मं केलं की अक्षर दुप्पट मोठं दिसतं, तेही काही न फुगवता आणि पानावरचं काही न गमावता. अडचण एवढीच की लॅपटॉपवर वाकून मान धरते. वेगळा मॉनिटर घेऊन तो पुढे ओढता येईल अशा स्टँडवर लावला, तर मान सरळ राहते आणि कीबोर्ड जागेवर राहतो. मामांसाठी केलेल्या सगळ्या खर्चांत मला हा सर्वांत वसूल वाटला.

कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात. तर्जनी तिथे ठेवायची सवय हा पुढच्या सगळ्याचा पाया आहे. शिवाय डिलीट, एस्केप, एफ ५ अशा चार-पाच कळांवर खुणा करा. मामींनी हौसेने टिकल्या लावल्या होत्या. घामाने आठवड्यात निघाल्या. एम-सीलचा मोहरीएवढा ठिपका अजून टिकून आहे. सगळ्या कळांवर ठिपके लावू नका, मग एकही ठिपका ओळखू येत नाही.

पायरी ३: मोठं करायचंच असेल तर कोणतं

विंडोजमध्ये मोठं करायच्या तीन वेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्या एकमेकींत मिसळतात.

सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथल्या ‘स्केल’ने खिडक्या, चिन्हं, अक्षरं सगळंच वाढतं. १२५ किंवा १५० टक्क्यांवर थांबा. त्यापुढे काही प्रोग्रॅमची बटणं स्क्रीनबाहेर जातात. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, टेक्स्ट साइझ इथली पट्टी फक्त अक्षर वाढवते, १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत. मी आधी ही वापरतो. (सेटिंग्ज उघडून ॲक्सेसिबिलिटी शोधत बसायला नको, विंडोज की आणि यू दाबलं की थेट तिथेच पोचता.) तिसरं मॅग्निफायर, म्हणजे हातातलं भिंग. विंडोज की धरून अधिकचं चिन्ह दाबलं की सुरू, विंडोज की आणि एस्केपने बंद.

मॅग्निफायर सुरू केल्याबरोबर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी बदला. ‘झूम इन्क्रिमेंट’ २५ टक्क्यांवर आणा, नाहीतर एका दाबात १०० टक्क्यांची उडी बसते आणि डोळा भांबावतो. आणि पॉइंटर नेहमी स्क्रीनच्या मध्यावर राहील हा पर्याय निवडा, म्हणजे त्याच्या मागे कोपऱ्यात धावावं लागत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एल दाबलं की पॉइंटरभोवती चौकोनी भिंग फिरतं, एलऐवजी डी दाबलं की वरच्या पट्टीत मोठा मजकूर आणि खाली मूळ पान. मामांना भिंग नकोसं झालं, पट्टी मात्र आवडली: ‘वर वाचायचं, खाली आपण कुठे आहोत ते बघायचं. फळ्यासारखं.’

एक गोष्ट अजिबात करू नका: रेझोल्यूशन कमी करून अक्षर मोठं करणं. पूर्वी सायबर कॅफेत सर्रास करायचे. अक्षर वाढतं, पण कडा फुटतात, आणि फुटलेल्या कडांवर देवनागरी सर्वांत आधी मरते. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांतला फरक एवढ्याशा रेषेचा असतो. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, मध्ये शिरोरेषा, यामुळे त्याच आकड्याचं देवनागरी अक्षर रोमनपेक्षा बारीक भासतं. वर्डमध्ये इंग्रजी १४ ला वाचणाऱ्याला मराठी १८ लागेल असं धरून चाला. फॉन्ट जाड निवडा. विंडोजमधला निर्मला यूआय ठीक आहे. मुंबईच्या एक टाइपने काढलेला मुक्ता मोफत मिळतो आणि त्यात जाडीचे बरेच पर्याय आहेत. ओळींतलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

पॉइंटर मोठा करून त्याला पिवळा किंवा हिरवा रंग द्या, ॲक्सेसिबिलिटीतच ते आहे. लिहिताना लुकलुकणारी उभी रेघ जाड करायची सोयही तिथेच आहे. बोळकांडीची नजर असलेल्यांसाठी मात्र खरा दागिना जुन्या माऊस प्रॉपर्टीजच्या ‘पॉइंटर ऑप्शन्स’मध्ये दडला आहे: कंट्रोल दाबल्यावर पॉइंटरची जागा दाखवा. मग कंट्रोल दाबताच पॉइंटरभोवती वर्तुळं आक्रसत येतात आणि हरवलेला पॉइंटर सापडतो.

पायरी ४: कॉन्ट्रास्ट

ॲक्सेसिबिलिटीत ‘कॉन्ट्रास्ट थीम्स’मध्ये चार तयार रंगसंगती मिळतात: ॲक्वाटिक, डेझर्ट, डस्क आणि नाइट स्काय. डेझर्ट फिकट पार्श्वभूमीची, बाकी तिन्ही गडद. डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबलं की थीम चालू-बंद होते. हा जोड माणसाच्या बोटांत बसवा, कारण फोटो बघताना थीम काढावी लागते. नेहमीचा ‘डार्क मोड’ म्हणजे हे नव्हे. डार्क मोडमध्ये काळ्यावर करड्या रंगात लिहिलेलं सर्रास सापडतं, ते आपल्यालाही नीट दिसत नाही.

वेबसाइट बनवणाऱ्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय निकष असा आहे की साध्या आकाराचं अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १ इतका फरक हवा. फिकट राखाडीत ‘अटी लागू’ लिहिणारे तो पाळत नाहीत, पण कॉन्ट्रास्ट थीम त्यांच्यावरही आपले रंग लादते. वर्डमधल्या कागदाचे रंग यात बदलत नाहीत, फक्त स्क्रीनवर तसे दिसतात. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘प्रिंट काळी येईल का?’ हा प्रश्न ठरलेला.

पायरी ५: कान

इथे सगळे उशीर करतात, आम्हीही केला. ‘अजून दिसतंय की, आवाज कशाला?’ असं मामांचं म्हणणं. पण थोडं दिसतंय तोवर स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) शिकणं सोपं जातं, कारण कानाने ऐकलेलं डोळ्याने पडताळता येतं. नजर पूर्ण गेल्यावर तेच शिकणं दुप्पट अवघड.

एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांचं हे काम २००६ मध्ये सुरू झालं. आता एनव्ही ॲक्सेस ही संस्था ते चालवते. तिच्याच संकेतस्थळावरून उतरवून घ्या. देणगी विचारतात, न देता पुढे जाता येतं. विंडोजचा स्वतःचा नॅरेटरही असतो (विंडोज की, कंट्रोल आणि एंटर), आणि शेजारी कोणी डोळस नसेल तर त्याच्या मदतीने एनव्हीडीए बसवता येतो. पैसे मोजायचे असतील तर जॉज हा स्क्रीन रीडर आहे. घरच्या कामाला मला त्याची गरज वाटलेली नाही.

पहिल्यांदा सुरू होताना एनव्हीडीए कॅप्स लॉकला आपली कळ करू का, असं विचारतो. हो म्हणा, कारण लॅपटॉपवर इन्सर्ट शोधणं जिकिरीचं असतं. पुढे मी ‘कॅप्स’ लिहिलंय ती हीच कळ. (खरा कॅप्स लॉक हवा असेल तर लागोपाठ दोनदा दाबायचा.) कळांची मांडणी ‘लॅपटॉप’ निवडा.

मग आवाज. कॅप्स, कंट्रोल आणि एस दाबून सिंथेसायझरच्या (आवाज तयार करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीतून ईस्पीक एनजी निवडा आणि व्हॉइसमध्ये मराठी. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा कपाळावर आठ्या येतील. मामा म्हणाले, ‘हा पत्र्याच्या डब्यातून बोलतोय.’ विंडोजमध्ये हिंदी भाषा जोडली तर कानाला गोड हिंदी आवाज मिळतो, पण तो मराठी शब्द हिंदीच्या वळणाने वाचतो. आम्ही दोन्ही आठ-आठ दिवस चालवून पाहिले. शेवटी पत्र्याचा डबा जिंकला, कारण वेग वाढवल्यावरही त्याचे उच्चार स्पष्ट राहतात, आणि मराठी मजकुरात रोमन लिपीतला इंग्रजी शब्द आला की तो इंग्रजीतच वाचतो. वेग सुरुवातीला ४० ठेवा. महिन्याभरात माणूस स्वतःच वाढवतो. मामा आता ७० वर ऐकतात, मला त्यातलं निम्मं कळत नाही.

डोळस मदतनीसासाठी एक सोय: एनव्हीडीएच्या मेनूत (कॅप्स आणि एन) टूल्समध्ये ‘स्पीच व्ह्यूअर’ आहे. तो जे बोलतो ते खिडकीत लिहून दाखवतो. शिकवताना ही उघडी ठेवली की ‘काय म्हणाला, काय म्हणाला?’ करावं लागत नाही.

पायरी ६: शिकवण्याचा क्रम

पहिल्या दिवशी तीनच कळा. कंट्रोल: गप्प बस. बडबड थांबवता येते हे कळलं की भीती निम्मी जाते. कॅप्स आणि टी: मी कुठल्या खिडकीत आहे? आणि कॅप्स-१: यानंतर कुठलीही कळ दाबा, तो फक्त तिचं नाव सांगतो, करत काहीच नाही. पुन्हा कॅप्स-१ दाबलं की कीबोर्ड पूर्ववत. मामा या तिसऱ्या अवस्थेत दोन दिवस नुसते कळा दाबत बसले होते. शिक्षकच ते, आधी बाराखडी.

मग टॅब आणि शिफ्ट-टॅबने पुढे-मागे जाणं, ऑल्ट-टॅबने खिडक्या बदलणं. टास्कबारवर पाचच प्रोग्रॅम ठेवा आणि क्रम कधी बदलू नका: विंडोज-१ ब्राउझर, विंडोज-२ वर्ड, असं बोटांनाच पाठ होतं. डेस्कटॉपवर नको असलेलं सगळं काढा. फाइलचं नाव ओळखीच्या शब्दाने सुरू करा. ‘वीजबिल मे’ असेल तर पहिलं अक्षर दाबून तिथे पोचता येतं. ‘नवीन फाइल १’ ते ‘नवीन फाइल २३’ ऐकत बसणं ही शिक्षा आहे. नोटिफिकेशन बंद करा. आपल्याला ती कोपऱ्यात दिसतात, त्यांना ती वाक्याच्या मध्येच ऐकू येतात.

वेबपानावर एकेका अक्षराने उड्या मारता येतात: एच मथळे, के दुवे, ई लिहायची चौकट, बी बटणं. मराठी बातम्यांच्या पानांवर बातमीआधी पन्नासभर दुवे असतात. टॅबने जायचं म्हटलं तर बातमी शिळी होईल, पण एच दोन-तीनदा दाबलं की थेट मथळा. कॅप्स आणि एफ ७ सगळ्या दुव्यांची किंवा मथळ्यांची यादीच समोर ठेवतो. लिहायच्या चौकटीत अक्षरं उमटत नसतील, तर कॅप्स आणि स्पेसबार दाबून वाचण्यातून लिहिण्यात जायचं.

मराठी टायपिंगसाठी मी इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीचा हट्ट धरतो. फोनेटिकमध्ये मराठी शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग मनात जुळवावं लागतं. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, प्रत्येकाची जागा पक्की. काम लिहायचं तर के, ई, सी या तीन कळा: क, काना, म. घर म्हणजे शिफ्टसह आय, मग जे. कळांकडे न बघता टाइप करणाऱ्याला हे पंधरा-वीस दिवसांत बसतं. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस.

पायरी ७: जुन्या फॉन्टचं भूत

सगळं जमलं, आणि मग शाळेतून एका जुन्या स्मरणिकेची फाइल आली. डोळ्यांना स्वच्छ मराठी. एनव्हीडीएने वाचायला घेतली आणि इंग्रजी अक्षरांचा पाऊस पडला. फाइल कृतिदेवमध्ये होती. त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं असतात आणि त्यांवर देवनागरीचे मुखवटे. ‘भारत’च्या आत एच, के, के, जे, आर लपलेले असतात. डोळ्याला मुखवटा दिसतो, स्क्रीन रीडरला आतला माणूस. श्रीलिपीतल्या आणि आयएसएमच्या कित्येक जुन्या फाइलींचंही हेच.

ओळखायची युक्ती: चार शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठी राहिलं तर युनिकोड (यात आतही खरी देवनागरीच असते), कचरा झाला तर जुना फॉन्ट. मग कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या. जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हटकून चुकतात, तेवढं कोणी डोळसाने तपासून द्यावं. आणि कोणी तुम्हाला मराठी फाइल करून द्यायला सांगितली तर ती युनिकोडमध्येच करा. त्या सोप्या गोष्टीने वाचणाऱ्याचे तास वाचतात.

स्कॅन केलेली पीडीएफ हे दुसरं भूत. ती वाचनसाहित्य नसून कागदाचा फोटो असते. गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की मजकूर वेगळा होतो. छापील मराठी बऱ्यापैकी येतं, हस्ताक्षराची आशा धरू नका. पुस्तकंच हवी असतील तर सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात नाव नोंदवा. छापील वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत करायला प्रताधिकार कायद्यानेच २०१२ च्या दुरुस्तीत मुभा दिली आहे.

राहिली ती बँक आणि सरकारी संकेतस्थळं. नाव न दिलेली बटणं तिथे फार. एनव्हीडीए ‘बटण, बटण, बटण’ म्हणत जातो आणि आपण अंधारात जिना मोजत राहतो. चित्रातलं कॅप्चा वाचता येत नाही, आवाजाचं असेल तर शोधा. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या हक्काचा भाग ठरवला आणि ई-केवायसी सर्वांना जमेल असं करायला सांगितलं. तक्रार लिहाल तेव्हा ही तारीख घाला. ‘साइट चालत नाही’ एवढंच लिहू नका. कुठल्या पानावर, कितव्या बटणाला स्क्रीन रीडर काय म्हणाला, ते लिहा.

पायरी ८: एनव्हीडीए अचानक गप्प झाला तर

फ्रिजवर चिकटवायचा कागद हा, मोठ्या अक्षरांत. आणि माणसाला तोंडपाठ. आधी हेडफोनची पिन बघा. मग कंट्रोल, ऑल्ट, एन: एनव्हीडीए बंद पडला असेल तर सुरू होतो. तरी शांतता असेल तर कॅप्स आणि एस एकत्र, आवाज येईपर्यंत एकेकदा दाबत जा. चुकून या कळा लागून बोलणंच बंद झालेलं असतं, आणि दहातले सात फोन मला याचसाठी येतात. फक्त एकाच प्रोग्रॅममध्ये मुका असेल तर कॅप्स, शिफ्ट, झेड: त्या प्रोग्रॅमपुरता तो झोपी गेलेला असतो.

आणि स्क्रीन काळी पडून आवाज चालू असेल, तर काहीही उघडू नका, कोणाला बोलावू नका. बँकेचं काम करताना मागून कोणी बघू नये म्हणून एनव्हीडीएमध्ये पडदा टाकायची सोय आहे: कॅप्स, कंट्रोल, एस्केप. मामांना ती फार आवडली. एकदा पडदा टाकून ते जेवायला उठले, तेवढ्यात मामींनी लॅपटॉप बघितला, ‘डिस्प्ले गेला’ म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं, आणि त्या भल्या माणसाने मागचे स्क्रू काढून टेबलावर मांडले. मामा हात धुऊन आले, तीन कळा दाबल्या, स्क्रीन उजळली. स्क्रू परत लावायचे दोनशे रुपये मात्र त्याने घेतलेच.